माणिकबाईच्या नावाची खोली

६ जानेवारी २०२५, सोमवार

ही डायरी खताच्या दुकानातून मिळाली. दरवर्षी मिळते आणि दरवर्षी नात रागिणी त्यात चित्रं काढून संपवते. यंदा मी मागून घेतली. मी सहावी शिकलो. अक्षर वाकडं आहे, पण माझं मला लागतं.

दर सोमवारी शाळेच्या खिचडीत टाकायला मेथीच्या चार जुड्या देऊन येतो. बायको माणिकबाई होती तेव्हापासूनचं आहे ते. आज नव्या हेडमास्तरीण कौशल्या मॅडमनी जुड्या घेतल्या आणि मला खुर्ची दिली. म्हणाल्या, "आबाजी, तुमी शाळा समितीचे अध्यक्ष आहा न? मंग मले सांगा, चौथी खोली कुठी आहे?"

मी म्हणालो, "कुठी म्हणजे? व्हायची आहे अजून."

त्या दिवाळीनंतर इथे बदलून आल्या. शाळेची माहिती कॉम्प्युटरात भरताना त्यांनी खोल्या तीन लिहिल्या, तर वरून परत आलं की चूक आहे, चार आहेत. त्यांनी पुन्हा तीन लिहिल्या. पुन्हा परत आलं. आता वरच्यांनी विचारलं आहे की चौथी खोली गेली कुठे.

मी म्हणालो, "कॉम्प्युटरची चूक असंल."

 त्या जुड्यांची मुळं खुडत बसल्या.

तीन खोल्यांतली एक गळते, तिला कुलूप आहे. रागिणीची चौथी व्हरांड्यात बसते. कुंपणाला लागून माझ्या वावराची दोन गुंठ्यांची पट्टी आहे, ती मी खोलीसाठी लिहून दिली. अट एकच घातली, खोलीला माणिकबाईचं नाव. तिनं त्या कुंपणावरून पोरांना गाजरं दिली आणि शिव्याही दिल्या. तीन वर्षं झाली, ती पट्टी मी पेरली नाही. आज येतील, उद्या येतील, पाया खणतील.



७ जानेवारी

भिंतीवरचा फोटो काढून पुसला. त्यात मी फेटा बांधून फीत कापतो आहे. मागे नवी कोरी खोली आणि दाराच्या वर पाटी: कै. माणिकबाई स्मृती वर्गखोली.

ती खोली आमची नाही. बार्शीटाकळीकडच्या एका गावची आहे. तीन वर्षांपूर्वी तेव्हाचे हेडमास्तर योगेश सर आणि बांधकामाचे टवलारे साहेब जीप घेऊन दारात आले होते. म्हणाले, चला, तुमची खोली कशी होणार त्याचा नमुना दाखवतो. मी संगमरवराची पाटी अमरावतीहून आधीच कोरून आणलेली होती. साहेब म्हणाले, पाटीही घ्या, दारावर कशी दिसते ते पाहू. मी म्हणालो, दुसऱ्याच्या खोलीवर माझ्या बायकोचं नाव बरं दिसत नाही. ते म्हणाले, पाच मिनिटं तर आहे. ड्रायव्हरनं चार भोकं पाडून पाटी बसवली. मी नारळही फोडला. नवी वास्तू पाहायला रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून पिशवीत नेला होता. तिचं नाव दारावर पाहून मला रडू आलं. साहेबांनी स्वतः माझ्या हातात कात्री दिली. मग पाटी उतरवून मला परत केली, तुमची खोली झाली की पक्की बसवू म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण किती मायेनं वागला.

परत निघताना जीपच्या बोनेटवर आठ-नऊ ठिकाणी सह्या केल्या. सिमेंट-लोखंडाच्या मागणीच्या होत्या.

११ जानेवारी, शनिवार

पारावर खुशालराव भेटला. आम्ही एकाच वर्गात होतो, तो पाचवीत सुटला. त्याला सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "अबे सहदेवा, खोली तं तू नमुन्याले पाह्यली. मंग सह्या कायच्या केल्या?"

"मागणीच्या."

"वाचल्या होत्या?"

"तू वाचतं का सही करताना?"

"मी वाचत नाही, म्हणूनच मी अध्यक्ष नाही झालो." मग बराच वेळ तंबाखू मळत बसला आणि म्हणाला, "तो फोटो भिंतीवरून उतरव."

मला राग आला. त्याच्या घरच्या कुणाचं नाव कुठे लागलं नाही म्हणून असेल. फोटो मी पुन्हा लावला.

१५ जानेवारी

कौशल्या मॅडमनी शिपायाकडून पत्राची नक्कल पाठवली. चार फेब्रुवारीला जिल्ह्याहून चौकशी येणार, अध्यक्षांनी हजर राहावे. दोनदा वाचलं. "गैरव्यवहार" हा शब्द आहे त्यात. तो माझ्या नावाच्या खालच्याच ओळीत आहे.

सून गीतांजली म्हणाली, "बाबा, तुमी काही केलं नाही न, मंग कायले भेता?" मी काय केलं तेच तर मला समजून नाही राहिलं.

मुलगा शेखर अमरावतीला गोदामात कामाला आहे. त्याला सांगू नको म्हणालो. तिनं लगेच फोन लावला.

१८ जानेवारी, शनिवार

आज सगळं समजलं. जसं झालं तसं लिहितो.

अकराच्या सुमाराला योगेश सर आणि टवलारे साहेब आले. सरांनी वाकून पाया पडून तिळगूळ दिला. आता ते दुसऱ्या तालुक्यात आहेत, केस पांढरे झालेत. साहेब मात्र होते तसेच आहेत. खुर्चीवर बसून म्हणाले, "आबाजी, तब्येत कशी आहे? शुगर वगैरे?"

मग मुद्द्यावर आले. "चौकशीत एवढंच सांगा की खोली झाली होती आणि मागच्या मे महिन्याच्या वादळात पडली. बस."

मी म्हणालो, "झालीच नाही ते पडंल कशी?"

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. सर हळूच म्हणाले, "कागदावर झाली आहे, सहदेवभाऊ. कागदावरच पाडू."

मी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. मग त्यांनी मान खाली घातली असं मला वाटलं, पण ते मोबाइल पाहत होते.

म्हणजे तो नमुना नव्हता. ती मागणी नव्हती. फेटा, फीत, नारळ, सगळं खोली झाली असं दाखवून पैसे उचलायच्या कागदाला लावायला होतं. आणि मी बोलावलं तसा गेलो, वर रडलो.

साहेब म्हणाले, "हे पहा, तुम्ही पडली म्हणाल तर याच वर्षी नवीन खोली मंजूर होते. वादळाच्या कोट्यातून. एप्रिलात पाया. मी शब्द देतो. आणि नाही म्हणाल तर सह्या कुणाच्या आहेत ते तुम्हाला माहीत आहे."

 गीतांजलीनं चहा आणला, तो तसाच राहिला.

मग साहेबांनी आणखी एक सांगितलं. "एक ट्रॉली मलबा तुमच्या पट्टीवर टाकून घेतो. आणि ती पाटी द्या. फोडून मलब्यात ठेवायची आहे, म्हणजे कुणी शंका नाही घेणार."

"फोडून?"

"नवी देऊ ना. याहून मोठी, ग्रॅनाइटची."

पाटी माझ्या खाटेखाली धोतरात गुंडाळून आहे. मी म्हणालो, विचार करून सांगतो. त्याच वेळी नाही म्हणायला पाहिजे होतं. माझं तोंड उघडतच नाही साहेबलोकांपुढे.

१९ जानेवारी

शेखर आला होता. म्हणाला, "बाबा, म्हणून टाका न पडली म्हणून. खोली होईन, पोरांचं भलं होईन. तुमी या वयात कोर्टात चकरा मारसान का?"

मी म्हणालो, "आईची पाटी फोडतो म्हणतात."

त्यानं चप्पल पायात सरकवली. मग म्हणाला, "पाटीच तं आहे." जेवला नाही, तसाच गेला.

त्याचंही खरं असेल. रागिणी व्हरांड्यात थंडीत बसते, खोकते. एका खोट्यानं खरी खोली होत असेल तर? माणिकबाई असती तर काय म्हणाली असती? मला एवढंच आठवतं की मापात खोट सापडली म्हणून तिनं एका व्यापाऱ्याच्या डोक्यावर वांग्याची टोपली उलटी केली होती.

२४ जानेवारी

सकाळी वावरात गेलो तर पट्टीवर ट्रॉलीभर मलबा. जुन्या विटा, चुन्याचे तुकडे, एक मोडकी खिडकी. मी हो म्हणालोच नव्हतो. बांधावरच बसलो.

गीतांजली मागून आली. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "मायबाई, किती चांगल्या विटा आहेत!" घमेलं आणून तिनं नाहणीपुढे ओटा करायला निवडून घेतल्या. ते पाहून शेजारची सुभद्रा आली. मग तिची जाऊ. कुणी कोंबड्यांच्या खुराड्याला नेल्या, कुणी चुलीला. खिडकी गोदाबाईनं गोठ्याला नेली. दुपारी दोनपर्यंत पट्टीवर चुन्याच्या धुळीशिवाय काही उरलं नाही.

खुशालराव बांधावर उभा राहून हसत होता. "सहदेवा, वादळानं पडलेली खोली बायांनी पायी नेली म्हणून सांग."

खूप दिवसांनी मीही हसलो. मग वाटलं, साहेब विचारतील तर काय सांगू?

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. अध्यक्ष म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची होती. मी बसलो नाही, मागे उभा राहिलो. सगळे माझ्याकडे पाहतात असं वाटत होतं. कदाचित कुणी पाहतही नसेल.

साहेबांचा फोन आला. मलबा कुठे गेला विचारलं. मी म्हणालो, बायांनी नेला.  साहेब म्हणाले, "आबाजी, तुम्ही फार भोळे आहात. पाटी तयार ठेवा, मंगळवारी माणूस येईल."

सोमवारी गीतांजलीनं पाटी आपल्या माहेरी भातकुलीला नेऊन ठेवली. (हे मंगळवारी लिहितो आहे. माणूस आला होता. रिकामा गेला.)

२९ जानेवारी, बुधवार

आज बार्शीटाकळीला जाऊन आलो. एकटाच. घरी सांगितलं की अकोल्याला बियाणं पाहायला जातो.

पाटी भातकुलीला जाण्याआधी मी एक केलं होतं. तिच्यावर जुना पेपर पसरून कडा आणि चारही भोकं पेन्सिलीनं उतरवून घेतली होती. तो पेपर घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. का ठेवला ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

अमरावतीहून अकोला, तिथून बार्शीटाकळी. त्या गावाचं नाव मी विचारलंच नव्हतं. कुणाला विचारावं? भाजीबाजारात गेलो, तिथे मला बोलता येतं. एका बाईकडून सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेतली आणि म्हणालो, रेल्वेचं फाटक ओलांडून उजवीकडे, शाळेपुढे कडुनिंब, त्याला गोल ओटा. ती म्हणाली, "तितूनच तं येतो आमी." तिच्याच ऑटोत रिकाम्या टोपल्यांमध्ये बसून गेलो.

खोली तशीच आहे. रंग थोडा उडाला. आत पोरं पाढे म्हणत होती. खिडक्यांतून ऊन येत होतं, फरशीवर बसलेल्या पोरांच्या अंगावर पडत होतं. कुणी खोकत नव्हतं. मी बाहेर उभा राहून किती वेळ पाहिलं ते माहीत नाही.

खिचडी शिजवणारी पार्वताबाई बाहेर आली. मला निरखून पाहत म्हणाली, "तुमीच का जी ते? फेटावाले? तुमी रडून राहिले होते."

"हो बाई, मीच."

"आमाले वाटलं अमरावतीच्या कोन्या दानी माणसानं पाटी देल्ली. संध्याकाळी पाह्यतो तं पाटीच नाही. मी म्हटलं, बुवा रुसला का काय! खिचडी खाऊन जाजा म्हणून मी तुमाले हाका मारत होती, तं त्या साहेबानं गाडीच पळवली."

दारावर चार भोकं अजून आहेत. एकात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं आहे. एकात खिळा ठोकून घंटेची दोरी बांधली आहे. तिथल्या गुरुजींना सगळं सांगितलं. ते कमी बोलणारे आहेत, पण स्टूल आणून त्यांनीच पेपर दारावर धरला. चारही भोकं भोकांवर बसली. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला आणि कौशल्या मॅडमचा नंबर मागून त्यांना पाठवला.

पार्वताबाईनं खिचडी वाढली. तीन वर्षं उशिरानं खाल्ली. फार खारट होती. चांगली झाली म्हणालो.

३ फेब्रुवारी

उद्या चौकशी.  खुशालराव म्हणाला, "मी येतो संगं." मी म्हणालो, कामं असतील तुला. तो म्हणाला, "कामं कोनाले नाही? पन मी येईन."

४ फेब्रुवारी, मंगळवार

जिल्ह्याहून मॅडम आल्या, सोबत एक लिहिणारा बाबू. योगेश सर आले होते, पारावर एकटेच बसले. टवलारे साहेब आले नाहीत. त्यांना बैठक होती.

मॅडमनी विचारलं, "खोली कुठे आहे?"

मी पट्टी दाखवली. "ही जागा. इथं खोली कदीच झाली नाही. पडलीही नाही." ठरवून आलो होतो म्हणून एका दमात म्हणालो. मग पेपर काढून दिला. कौशल्या मॅडमनी फोटो दाखवला. योगेश सर तिकडून पाहत होते. मला वाटलं ते शिव्या देतील. त्यांनी नुसता चष्मा काढून पुसला.

बाबूनं माझा जबाब लिहिला आणि म्हणाला, "आबा, करा सही."

मी म्हणालो, "वाचतो."

दोन पानं होती. मला वेळ लागतो. बोट ठेवून वाचावं लागतं. जिल्ह्याच्या मॅडमनी घड्याळ पाहिलं. बाबू म्हणाला, "आबा, तुम्ही जे सांगितलं तेच आहे. जेवायची वेळ झाली."

खुशालराव मागून म्हणाला, "वाचू द्या जी त्याले. तीन वर्सं थांबली खोली, तुमी अर्धा तास थांबा."

दुसऱ्या पानावर सापडलं. "बांधकाम झालेले नसल्याची अध्यक्षांना पूर्ण माहिती होती." मी म्हणालो, हे खोडा.

मॅडम म्हणाल्या, "पण सही तुमचीच आहे ना? पूर्णत्वाच्या दाखल्यावर?"

"सही माही आहे. कागद कायचा आहे ते मले मालूम नव्हतं."

"न वाचता सही केली, असं लिहायचं का मग?"

सगळं गाव ऐकत होतं. पोरंही होती, रागिणी होती. ती चौथीत आहे आणि धडाधड वाचते.

मी म्हणालो, "लिवा. न वाचता केली."

बाबूनं तसं लिहिलं. मी म्हणालो, "आणि जीप टवलारे साहेबाची होती, फीत कापाले कैची त्यायनंच देल्ली, तेही लिवा."

बाबू म्हणाला, "लिहिलंय आबा. हे पहा, 'संबंधित अधिकारी'. सरकारी भाषेत नाव नाही घालत."

मॅडम फाइल चाळत होत्या. मी पाहिलं, तसं लिहिलं होतं खरं. मग मी सही केली. मन हलकं झालं होतं. सरकारी लिहिण्याची रीत त्यांना जास्त कळते.

पंचावन्न मिनिटं लागली म्हणे मला. खुशालरावनं मोजली.

५ फेब्रुवारी

रागिणीनं विचारलं, "आबा, तुमाले वाचता येते, मंग तवा काऊन नाही वाचलं?"

मी म्हणालो, सर घाईत होते.

ती म्हणाली, "सर तं नेहमीच घाईत राह्यतात."

११ मार्च

योगेश सर निलंबित झाले. त्यांच्या घरी पाणी पिऊन आलो आहे कितीदा. त्यांची मुलगी दहावीला आहे. मला चांगलं वाटायला पाहिजे होतं, वाटलं नाही.

टवलारे साहेबांची नागपूरला बदली झाली. खुशालराव म्हणतो, वरच्या जागेवर गेला. मला वाटतं शिक्षा म्हणूनच दूर पाठवलं असेल. घरदार सोडून जावं लागलं.

खोलीचं विचारलं. कौशल्या मॅडम म्हणाल्या, प्रकरण मिटेपर्यंत या शाळेला बांधकाम मिळत नाही. साहेबांचं ऐकलं असतं तर पुढच्या महिन्यात पाया खणला असता. हे मी कुणाला बोललो नाही, इथेच लिहितो.

पाटी गीतांजलीनं माहेराहून परत आणली. खाटेखाली आहे.

२८ एप्रिल, सोमवार

रागिणीचा निकाल लागेल दोन दिवसांत. जूनपासून पाचवीला दुसऱ्या गावी जाईल. तिला ती खोली मिळाली नाही.

गीतांजली म्हणते, "बाबा, पट्टीवर ढेमसं लावू का? पाणी आहे, जागा उगाच पडून राह्यते." मी नाही म्हणालो. पेरलेलं दिसलं तर म्हणतील खोलीला जागाच नाही. चार कोपऱ्यांना पुन्हा खुंट्या ठोकल्या, जुन्या वाळवीनं खाल्ल्या होत्या.

दुपारी पोस्टमननं पाकीट दिलं. सही मागितली. त्याला उन्हात उभं ठेवून पावती आधी वाचली, मग केली. तो गुळाचा खडा खाऊन पाणी प्याला.

चार पानांची नोटीस आहे. खुलासा मागितला आहे, शासनाची रक्कम आपल्याकडून का वसूल करू नये. पहिलं नाव माझं, दुसरं योगेश सरांचं. शेखर फोनवर म्हणाला, फोटो काढून पाठवा, मी वकिलाले दाखवतो. गीतांजली म्हणाली, मी वाचून सांगतो. मी दोघांनाही थांबा म्हणालो.

ओट्यावर बसून बोट ठेवून वाचतो आहे. तीन पानं झाली. माझं नाव सात वेळा आलं, सरांचं चार वेळा. "संबंधित अधिकारी" एकदा आलं. टवलारे साहेबांचं नाव अजून आलं नाही.

एक पान राहिलं आहे. त्यात असेल.